श्रावणजींचा निरोपाचा सदरा

आमच्या ऑफिसात माझ्या टेबलामागच्या भिंतीत एक खिळा आहे. परवा नव्याने रुजू झालेल्या बाईंनी त्याला कॅलेंडर लटकवलं आणि मी त्यांच्यावर खेकसले. बिचाऱ्या घाबरल्या. मग मीच चहा मागवला आणि सांगितलं, की कॅलेंडरसाठी समोरची भिंत आहे, हा खिळा रिकामाच राहू दे. कारण विचारलं तर सांगायला तासभर लागला असता, म्हणून सांगितलं नाही. ते इथे सांगते.

त्या खिळ्याला एक निळा सदरा असायचा. धुऊन धुऊन विटलेला, कॉलर उसवून पुन्हा शिवलेली. तो श्रावणजींचा. श्रावणजी अमरावतीच्या आमच्या जेलात हवालदार होते आणि मी तिथेच न्यायविभागात कारकून. म्हणजे कोणाला किती शिक्षा, किती भोगली, किती उरली, याचे कागद माझ्याकडे. जन्मठेपेचा कैदी आत मेला, की त्याच्या घरी निरोप न्यायचं काम श्रावणजींकडे होतं. हे त्यांना कोणी नेमून दिलेलं नव्हतं. पहिल्यांदा कधी तरी दुसरं कोणी जाईना म्हणून ते गेले आणि मग तेच जात राहिले.

ते खिळ्याकडे हात नेताना दिसले, की ऑफिसातलं बोलणं थांबायचं. खाकी उतरवून ते तो सदरा चढवत आणि खालच्या बटणापासून वर लावत येत. अंगण झाडणाऱ्या कैद्याने खिडकीतून एवढं पाहिलं, की पंधरा मिनिटांत सगळ्या बराकींत बातमी. कोण गेलं हे नंतर कळायचं, कोणी तरी गेलं हे सदरा सांगायचा.

वर्दी का नको, हे मी नवी असताना त्यांना विचारलं होतं. तेव्हा मी फार नियमाची होते, अजूनही आहे.

"बाई," ते म्हणाले, "वर्दी पायली का सारं गाव मांगं येते. ज्याच्या घरचं मानूस गेलं त्याले रडू देत नाहीत, नुसते पायतात. मी दवाखान्यातून आलो म्हनतो. खोटं काय हाय त्याच्यात? मेला त दवाखान्यातच न?"

फोन त्यांना चालायचा नाही. "फोनवर मानूस मरत नाही, बाई. फोनवर नुसता आवाज बंद होते." असली वाक्यं ते अगदी रुक्षपणे टाकायचे, आणि वर चहा अर्धाच पिऊन कप सरकवायचे. अर्धा कप चहा हा त्यांचा नेम होता. उरलेल्या अर्ध्यावर माश्या बसायच्या आणि मी वैतागायची.

आणखी एक नेम होता, तो महत्त्वाचा. निरोपाच्या घरी गेले की आधी पाणी मागायचे. पाणी आणायला कोणी आत गेलं, की घरात कोण कोण आहे ते कळतं, म्हातारं माणूस कुठे बसलंय ते दिसतं, तोवर पाव्हणे आलेत म्हणून चार जण जमतात. पाणी हातात आलं की मग सांगायचे. पण सांगितल्याशिवाय एक घोट प्यायचे नाहीत. "त्याच्या घरचं पानी पिऊन मंग असं सांगनं बरं नाही." भरला गिलास हातात धरून ते बसलेले असत, घर रडून शांत होईपर्यंत. पाणी त्यानंतर.

जन्मठेपवाले मला अधूनमधून विचारतात, "बाई, मी आतच मेलो त मंग काय?" मी आपली कागदाची भाषा सांगते. पंचनामा होतो, दंडाधिकारी चौकशी करतात, शवविच्छेदन होतं, त्याचं चित्रीकरण होतं, मानवाधिकार आयोगाला चोवीस तासांत कळवावं लागतं. सतरा वर्षांत ज्याला भेटायला चिटपाखरू आलं नाही, त्याच्याभोवती त्या दोन दिवसांत एवढी मोठी माणसं गोळा होतात. मग नातेवाईक आले तर प्रेत त्यांचं. आमच्याकडे तीन दिवस वाट पाहत. कोणी नाही आलं, तर सरकारी इतमाम, म्हणजे नगरपालिकेची गाडी आणि दोन माणसं. आणि श्रावणजी.

बेवारस कोणी श्रावणजींच्या हातून गेला नाही. स्मशानातल्या फॉर्मवर नात्याचा रकाना असतो, तिथे ते "ओळखीचा" असं लिहून सही करायचे. मी हरकत घेतली होती. म्हटलं, हे नातं नाही, रकान्यात असं बसत नाही. ते म्हणाले, "अठरा वर्सं रोज सकाळी मोजला त्याले. ओळखीचा नाही त कोन मी त्याचा?" आणि मेलेल्याला ते जेलचे पांढरे कपडे घालू द्यायचे नाहीत. कैदी आत येताना त्याचे स्वतःचे कपडे गाठोड्यात बांधून, चिठ्ठी लावून ठेवतात, ते काढायचे. वीस वर्षांपूर्वीची पँट वाळलेल्या कमरेवर राहायची नाही, मग सुतळीने बांधायचे. "सरकारचे कपडे सरकारले. शिक्षा संपली न आता."

इतकं सगळं ठाऊक असलेल्या माणसाला एकदा मी तोंडघशी पाडलं. ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला घेतलं आहे.

किसन नावाचा जन्मठेपेचा कैदी होता, सतरा वर्षं झालेला. धुऱ्याच्या भांडणात, म्हणजे शेताच्या बांधावरून, चुलतभावाला मारलेला. आत आल्यावर मात्र कोणाशी वाकडं नाही. बागेत भाजी लावायचा, वांग्यांशी बोलायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. बायको गेली तेव्हा जवळच्या नातेवाइकाचं नाव बदलायला तो माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "वहिनीचं लिवा, बाई. गोदाबाई." मी लिहिलं. अशी नावं मी दिवसाला चार लिहिते. लिहिताना हात चालतो, डोकं चालत नाही.

थंडीचे दिवस होते. किसन महिनाभर सरकारी दवाखान्यात होता आणि त्याच्या पहाऱ्यावर बहुतेक श्रावणजी असत. शेवटी शेवटी तो एकच मागत होता, "भाऊ, मले बेवारस नका करजा. घरच्या कोनाची तरी सही घ्या." श्रावणजींनी त्याला शब्द दिला. शब्द देण्याची त्यांना सवय नव्हती. नंतर ते मला म्हणाले, "देऊन बसलो, बाई. आता घ्याच लागते सही."

सोमवारी पहाटे किसन गेला. मंगळवारी शवविच्छेदन झालं. बुधवारी सकाळी श्रावणजींनी खिळ्यावरचा सदरा काढला. गाव अकोल्याच्या वाटेवर, मूर्तिजापूरच्या पुढे आत. गावाचं नाव मी सांगणार नाही. निरोप बाईमाणसाला द्यायचा असला की ते साहेबांकडून मलाही मागून घेत, तसं याही वेळी घेतलं. गुरुवारी संध्याकाळी तीन दिवस भरत होते.

दुपारी पोचलो. गाडी गावाबाहेर उभी केली. पानठेल्यावर श्रावणजींनी विचारलं, गोदाबाईचं घर कोणतं, अमरावतीच्या दवाखान्यातून आलो. "लग्नघर न? सरळ जा, मांडव दिसते," ठेलेवाला म्हणाला.

श्रावणजींचे पाय तिथेच अडकले. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. भावकीत कोणी मेलं की दहा दिवस सुतक, आणि सुतकात लग्न लागत नाही. पण सुतक लागतं ते कानावर आल्यापासून. बातमी आम्ही खिशात घेऊन निघालो होतो, आणि ती ज्या क्षणी आम्ही तोंडातून काढू त्या क्षणी तो मांडव उतरणार होता.

"चाला," ते म्हणाले. "पाहू त सही."

दारात हिरव्या डहाळ्यांचा मांडव. ओसरीवर पाच-सहा बाया बुंदीचे लाडू वळत बसलेल्या. आम्हाला खुर्च्या दिल्या. श्रावणजींनी पाणी मागितलं. लाडू वळणाऱ्यांतलीच एक मुलगी हात धुऊन उठली आणि पितळी गिलास घेऊन आली. नवरी तीच. बाविशीची असेल, हाताला मेंदी. लग्न शुक्रवारी, मुलाकडचे अमरावतीजवळच्या भातकुलीचे, हे तिच्या मावशीने न विचारता सांगून टाकलं.

मी भिंतीकडे पाहत होते, कुठे तरी पाहायचं म्हणून. तिथे एक हार घातलेला फोटो होता. फेटा बांधलेला तरणा माणूस. खाली रंगवलेलं नाव, कै. महादेवराव.

त्याच सकाळी मृत्यूचा अहवाल तयार करताना मी निकालपत्रातलं एक वाक्य उतरवलं होतं. आरोपी किसन याने चुलतभाऊ महादेव याचा खून केला. किसनने नाव लिहून दिलं होतं ते त्याने ज्याला मारलं त्याच्या बायकोचं, आणि ते माझ्या अक्षरात सरकारी रजिस्टरात बसलं होतं. आता आम्ही तिच्याच दारात, तिच्याच मुलीच्या लग्नात, त्याच्याच मरणाचा निरोप घेऊन बसलो होतो. मी श्रावणजींच्या कोपराला हात लावला. त्यांनी पाहिलं नाही. गिलास त्यांच्या हातात होता, काठोकाठ भरलेला.

गोदाबाई आतून आल्या. पन्नाशीच्या, काटक. त्यांनी आधी आमच्या तोंडाकडे पाहिलं नाही, श्रावणजींच्या पायांकडे पाहिलं. सदरा बदलला तरी बूट ते कधी बदलायचे नाहीत, दुसरे नव्हतेच. तपकिरी, सरकारी.

"तुमी जेलातले हाय," गोदाबाई हळूच म्हणाल्या. "कोर्टात दोन वर्सं मी मान खाली घालून बसली होती. असेच बूट पायले मी सारे."

लाडू वळणारे हात थांबले.

"कावून आले?"

त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला श्रावणजी आयुष्यभर गावोगाव हिंडले होते. मी त्यांच्याकडे पाहत होते. मनात म्हणत होते, सांगू नका, आणि त्याच वेळी म्हणत होते, उद्या तीन दिवस भरतात. मांडवाच्या डहाळ्या वाऱ्याने हलत होत्या. नवरी बाजूलाच उभी होती, हातात लाडवांचं ताट.

श्रावणजींनी गिलास तोंडाला लावला आणि सगळं पाणी गटागट पिऊन टाकलं.

अकरा वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं.

"किसनभाऊची तब्बेत बरी नाही," गिलास खाली ठेवत ते म्हणाले. "तुमचं नाव हाय कागदावर, म्हनून सांगाले आलो. घरी कार्य हाय हे मालूम नोतं. शनिवारी येतो मी परत."

"शनिवारी कावून?"

"शनिवारी सांगतो न."

गोदाबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील, ताट फेकतील, त्यांचा तो हक्कच होता. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. या शनिवारी."

आम्ही उठलो तशी मुलगी पुढे झाली. "काका, लग्नघरून असं नाही जात कोनी. तोंड गोड करा." आम्ही कोण, कशाला आलो, याचं तिला काही नव्हतं. चार वर्षांची होती ती बाप गेला तेव्हा. मी लाडू खाल्ला. कसा खाल्ला ते माझं मला ठाऊक. श्रावणजींनी दोन्ही हातांनी घेतला, रुमालात बांधला आणि खिशात ठेवला.

गाडीत मी भडकले. खरं तर स्वतःवर, पण त्यांच्यावर काढलं. म्हटलं, तुम्हाला कळतंय का ती कोण आहे? खोटं बोललात तुम्ही. उद्या मुदत संपते. शनिवारी काय राख दाखवणार?

"फोटो मीबी पायला, बाई," ते म्हणाले. "पानी आलं तवाच पायला."

मग काही वेळाने, "तुमी लिवलं नाव, त्याच्यात तुमचं काही चुकलं नाही. त्याले दुसरं कोनी नोतंच. पन आता एक कागद लिवून द्या. शनिवार दुपारपर्यंत ठेवा म्हना. नातेवाइकाचा शोध चालू हाय."

"नातेवाईक सापडलेत. असं खोटं मी लिहिणार नाही."

"घर सापडलं, बाई. सही देनारं मानूस सापडाचं हाय अजून. शोध चालूच हाय न?"

तरी ऑफिसात पोचल्यावर पत्र लिहिलं, की नातेवाइकाचा शोध चालू आहे. नोकरीत असं एकच वाक्य मी लिहिलं आहे, आणि त्यावर माझी सही आहे. साहेबांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे पाठवलं. दवाखान्याकडून उत्तर आलं, शनिवारी दुपारी बारापर्यंत, त्यापुढे नाही.

गुरुवार गेला. शुक्रवारी श्रावणजी अर्धा कप चहाही प्यायले नाहीत. मी विचारलं, नाहीच म्हणाल्या तर? कुठल्या तोंडाने मागणार आपण? ते म्हणाले, "मंग मी हावोच. पन शब्द देल्ला होता न मी त्याले." बागेतले कैदी येता-जाता खिडकीतून सदऱ्याकडे पाहत होते. किसन अजून दवाखान्यातच पडून आहे, हे त्यांना कळलं होतं. कोणी घ्यायला येतं का, याची वाट सगळं जेल पाहत होतं. त्यांतल्या प्रत्येक जन्मठेपवाल्याला ते स्वतःसाठी कळायला हवं होतं.

शनिवारी सकाळी नऊला श्रावणजी सदऱ्याचं वरचं बटण लावत होते, तेवढ्यात गेटवरून निरोप आला, एक बाई आली आहे.

गोदाबाई गेटसमोरच्या कडुनिंबाखाली उभ्या होत्या. पहिल्या एस.टी.ने आलेल्या. काठाचं नवं लुगडं, लग्नातलंच, आणि हातात पिशवी. डोळे सुजलेले होते, पण ते मुलगी सासरी धाडल्यामुळेही असतील.

"तुमी येनार, पानी मागनार, मंग सांगनार. माह्यानं वाट पाहवली नाही," त्या म्हणाल्या. "पोरगी गेली काल सासरी. आता सांगा."

श्रावणजी ताठ उभे राहिले. हातात पाण्याचा गिलास नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना.

"किसनभाऊ सोमवारी गेला," ते म्हणाले.

गोदाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. रडल्या नाहीत. थोड्या वेळाने पिशवीतून पांढऱ्या कापडाची घडी काढली. कोरी होती. म्हणजे त्या घरून निघतानाच ती घेऊन निघाल्या होत्या.

फॉर्म मीच भरला. नात्याच्या रकान्याशी पेन थांबलं. माझी चूक माझ्यासमोर खुर्चीत बसली होती. मी म्हटलं, "बाई, तुम्ही नाही म्हणालात तरी चालतं. नाव आमच्याकडून चुकून लागलं होतं. कायद्याने तुमच्यावर काही नाही."

"चुकून नाही. त्यानं समजून लिवलं असन," त्या म्हणाल्या. "मी त्याले माफ नाही केलं, बाई. कंदीच करनार नाही. पन सुतक काही माफी इचारून येत नाही. लिवा, दीर."

मी लिहिलं, दीर. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. दवाखान्यात पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते.

गावात न्यायचं नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. त्यामुळे अमरावतीच्या स्मशानातच. गाठोड्यातला किसनचा सदरा घातला, धोतर नेसवलं, वर गोदाबाईंचं कापड. अग्नी कोण देणार म्हणून तिथल्या माणसाने विचारलं. गोदाबाईंनी श्रावणजींकडे बोट केलं. ते पुढे झाले, मग थबकले आणि खिशातून रुमाल काढला. गाठ सोडून लाडू किसनच्या हाताशी ठेवला. तीन दिवसांत तो कोरडा झाला होता, बुंदी सुटत होती.

"भाऊ, पोरीच्या लग्नाचा हाय," ते त्याला म्हणाले.

मला वाटलं, आता मात्र गोदाबाई तो उचलून फेकतील. बापाला मारणाऱ्याच्या हाती मुलीच्या लग्नाचा लाडू. त्या जवळ आल्या. लाडवाकडे पाहत राहिल्या.

"बुधवारी पानी सारं पेले तुमी," त्या म्हणाल्या. "मरनाचा निरोप आननारा आधी पानी पेत नाही, म्हनून वाटलं, जित्ता असन. पन पोरीनं हातात देल्लेला लाडू तुमी तोंडाले नाही लावला. तवाच समजली मी."

म्हणजे ही बाई तीन दिवस जाणत होती. हळद लावताना, पाव्हण्यांना जेवण वाढताना, मुलीला गाडीत बसवताना.

"तुमी सांगतलं नाही, मी इचारलं नाही," त्या म्हणाल्या. "मांडव उभा रायला." आणि पांढऱ्या कापडाचं टोक ओढून त्यांनी तो लाडू झाकला.

त्यानंतर वर्षभराने श्रावणजी निवृत्त झाले, आपल्या शेतावर राहायला गेले आणि दोन पावसाळ्यांनी तिथेच वारले. मला ते कळलं ते फोनवर. निवृत्तीच्या दिवशी सदरा त्यांनी सोबत नेला, खिळा राहिला. पण माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं शेवटचं दर्शन म्हणून येतं ते त्या शनिवारचंच. स्मशानाबाहेर नळ होता. गोदाबाईंनी हातपाय धुतले, पिशवीतला पितळी गिलास काढला, तोच, घरचा, आणि भरून त्यांच्यापुढे धरला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता सांगून झालं तुमचं."

निळा सदरा, ओले सरकारी बूट. श्रावणजी तो गिलास दोन्ही हातांत धरून उभे होते आणि रडत होते. पाणी अजून प्यायचं होतं.